पाचवा चेंडू

हॉकीच्या साखळी सामन्यात गोलकीपरने चार गोल खाल्ले, शेवटचा तर चक्क दोन पायांमधून. कोच ओरडलेसुद्धा नाहीत. “उद्याचा हरलो, की सामान बांधायचं,” एवढंच म्हणाले.

घरी सहा वर्षांची लेक रोजच्यासारखी छोटी स्टिक घेऊन पॅसेजमध्ये तयारच होती. रोज ती जीव खाऊन चेंडू मारायची, हा मुद्दाम सोडायचा आणि ती घरभर नाचायची. आज तिने आईच्या मांडीवर बसून अख्खा सामना पाहिला होता.

तो दाराच्या चौकटीत उभा राहिला. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.



मग चेंडू अगदी हळूच त्याच्या पायाशी ढकलला आणि टाळ्या पिटत ओरडली, “बाबा, अडवलास!”