कोलूला आलेली पाहुणी

शेषगिरीचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. भवानीअक्कांनी आणलेल्या रसमभाताकडे त्यानं पाहिलंही नव्हतं.

"काल मांबलम स्टेशनच्या पुलावर गाठलं यांना," अंबुजा म्हणाली. "मुनुसामीची माणसं. म्हणाली, बायको कोर्टात उभी राहिली तर दुसराही पाय जाईल. अक्का, मुनुसामीच्या चोरट्या दारूची तक्रार आपण सगळ्या बायकांनी दिली. पण मुनुसामीला स्वतः दारूचे डबे उतरवताना मी पाहिलं, हे गल्लीबाहेर कोणाला ठाऊक? नाव फोडलं कोणी?"

"पाय माझा गेला, शाबासकी गल्लीला," शेषगिरी भिंतीकडे तोंड करून पुटपुटला.

एरवी अक्कांनी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. आज त्यांनी रसमभात नुसता त्याच्याजवळ सरकवला.

नवरात्रात कोलूच्या बाहुल्या बघायला आलेल्या सवाशिणीला कोण, कुठली, असं विचारायचं नसतं. कुंकू लावायचं, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, द्यायचं. परवा एक अनोळखी बाई आली तेव्हा अक्कांनी तिचं कांचीपुरमी लुगडं पाहिलं, नाकातला हिरा पाहिला, आणि आपल्या बायकांना मागे सारून तिला पुढे बसवलं. "एवढ्या गुंडाशी लढता तुम्ही! धीर कोणाचा म्हणायचा?" तिनं विचारलं. अक्का फुगल्या. "धीर माझा, डोळे आमच्या अंबुजाचे," म्हणाल्या. आज सकाळी मुनुसामीच्या मोटारीत त्याच्या शेजारी तीच बाई बसलेली दिसली. तोच हिरा.

"नाव फोडलं ते सुंदरीनंच," अंबुजा म्हणाली. "नवरा तिचा मुनुसामीकडेच पितो. सगळ्यांचं ठरलंय, तिला दारात उभी करायची नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

सुंदरी दारातच उभी होती, हातात पेजेचं भांडं. ती अंबुजाकडे बघत नव्हती. अक्कांकडे बघत होती. परवा कोलूला सुंडल तिनंच वाटलं होतं, त्या पाहुणीच्या हातावरही.

"सुंदरी नव्हे," अक्का म्हणाल्या. "मी बोलले. माझी मेली जीभ सैल सुटली."

अंबुजाचे डोळे भरून आले.

"अय्यो अक्का! हिला वाचवायला स्वतःवर घेता? ऐकलंत का हो? असं मन आहे म्हणून गल्ली यांच्या शब्दावर चालते. तुम्ही पाठीशी असताना मी उद्या कोर्टात जाणार, काय व्हायचं ते होऊ दे." ती सुंदरीकडे वळली. "बघितलंस? शीक काहीतरी!"

"अगं, ऐक तर..." अक्कांनी पुन्हा तोंड उघडलं. पुढचं गिळलं. मेला मोठेपणा, अजून गोडच लागत होता.

सुंदरीनं पेज उंबऱ्याबाहेर ठेवली आणि जिना उतरली.

अंबुजा पाया पडायला वाकली. अक्कांचा हात, रोजच्यासारखा, तिच्या डोक्यावर गेला.