कणकेचं बूच

"आज बाथरूम तापलं नाही, तर मी अंघोळीला थेट साताऱ्याला जाईन," बॉस्टनला लेकीच्या जुन्या घरी आलेल्या सासूबाईंनी जाहीर केलं.

जावई पान्हा घेऊन आत धावला. वाफेवर तापणारा लोखंडी रेडिएटर गारठला होता. त्याची झडप चाचपताच तो ओरडला, "सापडलं! इथे कणीक कुणी थापली?"

"मी. वाफ फुकट चालली होती. आमच्याकडे मोदकपात्राच्या फटीलाही लावतात."

"अहो आई, इथून आतली हवा बाहेर पडली, तरच वाफ आत येते!"

कणीक निघाली. झडप फुसफुसली, रेडिएटर चटके देऊ लागला. लेकीने टाळ्या वाजवल्या. सासूबाई टॉवेल घेऊन आत शिरल्या.

अंघोळ उरकताच आतून आरोळी आली, "झकास तापलंय! आता वाफ पळायच्या आत कणीक आण गं!"