सुलटी बाजू

प्रदर्शनाची बातमी सांगायला त्रिंबक पेंटर सोलापूरच्या भवानी पेठेत नरसय्याच्या मागापाशी पोचला, तेव्हा दुपार कलली होती.

"पुण्याचं नक्की झालं, नरसय्या. दिवाळीनंतर तिथं, मग मुंबईला. पत्रिका छापायला टाकल्यात, दोघांच्याही नावानं. चित्रं माझी, विणकाम तुमचं."

म्हातारा नरसय्या हसला आणि मागावरून उतरवलेलं कापड उलगडू लागला. "हे पयलं चित्र झालं बगा. पंदरा दिवस हिच्याकडंच बगत बसलोय. लई शांत चेहरा काढलाय तुमी."

त्रिंबकला ही चेष्टा वाटली. चौकटीच्या कागदावर त्यानं काढून दिली होती ती पाठमोरी बाई, दारात उभी, अंबाड्यावर अबोलीची वेणी. चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता.

कापडावरही तसंच होतं. दार, पाठ, अंबाडा.

"चेहरा कुठाय?"

"ही सुलटी बाजू झाली. इणताना उलटी बाजूच वर असती की." नरसय्यानं कापड पालथं केलं.

उलट्या बाजूला तीच बाई त्याच दारात उभी होती, पण समोरून. कपाळावर गोंदण, ओठ जरासे उघडे. त्रिंबकनं त्यावरून बोट फिरवून पाहिलं. एकही धागा जास्तीचा लागला नाही.

"कोन म्हनायची ही?" नरसय्यानं विचारलं.

त्रिंबकलाही तेच जाणून घ्यायचं होतं. त्यानं कापड पुन्हा सुलटं केलं.

दार तेच होतं, वेणीही तीच. अंबाड्याच्या कडेला मात्र आता कुडी घातलेला एक कान दिसत होता.