सोमवारी आधी गाय

“आज चौथा सोमवार. पावती चुकली, की मशीन पोत्यात घालायचं आणि घरला न्यायचं,” केरबाअण्णा म्हणाले. कोडोलीच्या एका दूध संस्थेचे ते चेअरमन. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या गोठ्यातसुद्धा ऐकू जायचा.

सोनल मान डोलावून कट्ट्यावर बसली. पुण्याची नोकरी सोडून कोल्हापुरात, घराच्या माळ्यावर तिनं हे मशीन बनवलं होतं. पहिलं आणि एकुलतं एक. ते पोत्यात गेलं की तीही पुण्याला परत जाणार, हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मशीन तसं साधं. एक पेटी आणि तिला जोडलेली दूध तपासायची दोन यंत्रं, एक म्हशीच्या दुधाला, एक गाईच्या. दोन्ही अगदी जुळी. तपासणी झाली की यंत्र पेटीला हाक मारतं, हातातलं सोड आणि माझ्याकडं बघ. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. कुणाची हाक कुठल्या नंबरावर यायची ते सोनलनं लिहिलेला ‘ड्रायव्हर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम ठरवायचा. सहा दिवस सगळं गुण्यागोविंदानं चालायचं. सोमवार उजाडला की म्हशीच्या पावतीवर ‘गाय’ आणि गाईच्या पावतीवर ‘म्हैस’. तीन सोमवार गाव पोट धरून हसलं. सोनल फक्त रडायची बाकी होती.

म्हणून आज ती संस्थेचं दूध केंद्र उघडायच्या आधीच येऊन बसली होती. झुंबरबाई आल्या. वीस वर्षं केंद्राची किल्ली त्यांच्याच कमरेला. त्यांनी कुलूप काढलं, चपला दाराबाहेर ठेवल्या, गाईच्या यंत्राला हात जोडले आणि त्याचं बटण दाबलं. मग म्हशीचं. केरबाअण्णा मागोमाग चपला करकरत आत आले.

“मावशी, रोज असंच करता?” सोनलनं विचारलं.

“न्हाय गं. रोज आधी म्हैस. सोमवारी तेवढी आधी गाय. महादेवाचा वार. नंदी कुणाच्या पोटचा?”

सोनलला आपला ड्रायव्हर आठवला. जे यंत्र आधी जागं होईल त्याला पहिला नंबर, असं तिनंच लिहून ठेवलं होतं. आणि पहिला नंबर म्हणजे म्हैस, हे ती धरूनच चालली होती. घरी ती स्वतः कायम म्हशीचंच बटण आधी दाबायची.

“बटणाला कसला आलाय देवाचा वार?” अण्णा कडाडले. “म्हंजे गावाचं हसं झालं ते हिच्यापायी. झुंबरबाई, किल्ली ठेवा हितं.”

झुंबरबाईंचा चेहरा उतरला. “आजपास्नं आधी म्हैसच दाबते, अण्णा. पोरीचं मशीन तेवढं ऱ्हाऊ द्या.”

सोनलनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मशीन वाचलं असतं, पुणंही टळलं असतं. पण तिला ते जमेना.

“चूक मावशींची नाही, अण्णा. माझी आहे. जो आधी येईल त्याला पहिली जागा, असं मी लिहिलंय.”

“असं कुठं असतंय व्हय?” अण्णांना मनापासून नवल वाटलं. “माझ्या गोठ्यात बारा जनावरं हायती. रानातनं कुठलंबी आधी येऊ दे, खुंटा ज्याचा त्याला. आधी शिरंल त्याला पहिला खुंटा दिला, तर मी धार कुणाची काढायची?”

सोनलनं वळून पेटीकडं बघितलं. खुंटे तर पहिल्या दिवसापासून होते. पेटीच्या डाव्या खाचेत म्हशीची वायर, उजव्या खाचेत गाईची. त्या वायरी कधी हलतच नव्हत्या. कोण आधी उठलं हे विचारायचंच कशाला, कोण कुठं बांधलंय एवढं बघितलं की झालं.

“अर्धा तास द्या,” म्हणत तिनं लॅपटॉप उघडला.

बाहेर किटल्यांची रांग लागली. “आज तरी माझी गाय गायच ऱ्हाऊ दे बाई,” रांगेतनं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सोनलनं मान वर केली नाही.

“झालं. आता कुठलंही बटण आधी दाबा,” ती शेवटी म्हणाली.

झुंबरबाई उठल्या. अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं, दाराबाहेर जाऊन आले आणि एकटेच यंत्रांपाशी गेले. दोन्ही यंत्रं बंद केली. आधी गाईचं बटण दाबलं, मग म्हशीचं. म्हशीचं दूध ओतलं. पावती आली, म्हैस. गाईचं ओतलं. पावती आली, गाय. अण्णांनी दोन्ही पावत्या उजेडाला धरून बघितल्या.

“ऱ्हाऊ दे मशीन,” ते म्हणाले. “आणि किल्ली बी हाय तिथंच ऱ्हाऊ दे.”

सोनलला हसू आवरेना. झुंबरबाईंचं लक्ष मात्र दाराकडं होतं. त्यांच्या चपलांशेजारी आणखी एक जोड नीट लावून ठेवला होता.

“अण्णा, तुमच्या चपला बाहेर कशा?”

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “सोमवार हाय की आज.”