भट्टीमागची बाई

धोंडाबाई सुनेला, बयाबाईला, पुढं घालून कुंभाराच्या अंगणात शिरली, तेव्हा सुनेच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. सुनेनं घरचं गाऱ्हाणं इथं सांगितल्याचं निघालं, तर बयाबाईनं इथूनच तिकोणा पेठेची, माहेरची वाट धरायची. पुन्हा सासरी, वलवणात पाऊल टाकायचं नाही.

संशयाला कारणही तसंच होतं. संक्रांतीची सुगडं आणायला बयाबाई गेली, ती दिवस कलताना परतली. सुगडं निवडायला एवढा वेळ? गावात आधीच बोलवा होती, की सरुबाई कुंभारीण हल्ली मडकी कमी आणि मातीच्या बायाच जास्त घडवते. कुणी मार खाल्लेली, कुणी न्हाणीत तोंड दाबून रडणारी. धरणावरच्या साहेबाची मडम त्या नेऊन लोणावळ्याच्या बंगल्यात मांडते म्हणे. आपल्या चुलीपुढची अब्रू मडमेच्या फळीवर! या धास्तीनं धोंडाबाईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सरुबाई अंगणात माती मळत होती. तिला रामराम न घालताच धोंडाबाईनं ओळीनं वाळत ठेवलेल्या बायांवरून नजर फिरवली, आणि कडेच्या, अजून ओल्या असलेल्या बाईपाशी ती थबकली.

ती मातीची बाई आडोशाला लपल्यासारखी उकिडवी बसली होती. पदराखाली भाकरी, तोंडात घास, आणि मान मात्र मागं वळलेली, कुणी येतंय का बघायला. परवा गोठ्यात बयाबाईला धोंडाबाईनं अगदी असंच पकडलं होतं.

"सरे, ही कोन?"

"बाई हाय."

"ते दिसतंय मला. माझी सून हाय ही! आमी उपाशी ठिवतो म्हून सांगितलंया तिनं, व्हय ना?"

"आत्याबाई, शपत, म्या काय बी न्हाई..."

"तू गप!"

सरुबाईनं लुगड्याला हात पुसले. "तुमची सून आली, त्या कोपऱ्यात बसली. एक शबुद बोलली न्हाई."

"मग ही कुटनं आली? बघितल्याबिगर कुनी असं घडवतंय व्हय?"

"बघितलंया की." सरुबाईनं अंगणातल्या भट्टीकडं बोट केलं. "तितं मागं. तुजी सासू वाटंवरनं हाका मारायची, आन तुजा घास घशात अडकायचा. मी बी नवी नवरी व्हते, दारातनं बघायची. ही तू हायेस, धोंडे."

तिला या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. धोंडाबाईचं चिडायचं राहूनच गेलं. तिला लाज वाटली. कुणाची, ते तिला धड कळेना.

"आत्याबाई," बयाबाईनं भीत भीत विचारलं, "निघू का मी?"

"घरला जा. दुरडीत भाकरी हायेत. मी यायच्या आत पोटभर जेवून घे."

सून दिसेनाशी झाली, तशी धोंडाबाई त्या मातीच्या बाईपुढं खाली बसली.

"एक चुकलंय, सरे," ती म्हणाली. "भाकर येवढी मोटी न्हवती."

आणि तिनं नखानं अर्धी भाकरी खुडून टाकली.