बिनधोंड्यांचं छप्पर

गणराजला आधी घर दिसलं नाही, घराचा पत्रा दिसला. लक्ष्मणरावांच्या आंब्यात अडकून तो खडखडत होता. कोपऱ्यावरच्या डांबराच्या ठिपक्यावरून त्याने तो ओळखला. गेल्या आषाढात गळती बुजवायला त्यानेच तो ठिपका लावला होता.

काल दुपारी वादळ आलं तेव्हा तो चाकणला कंपनीत होता. रस्त्यांवर झाडं पडली, बस बंद झाल्या आणि पहिल्या शिफ्टची माणसं कॅन्टीनमध्येच अडकली. संध्याकाळी त्याच्या बायकोचा, स्वप्नालीचा फोन आला. "आम्ही सगळे आहोत. छप्पर गेलं," एवढं बोलून होतंय तोवर फोन बंद पडला. सकाळी निम्मा रस्ता टेम्पोत, निम्मा पायी असं करत तो मोशीला पोचला होता.

लक्ष्मणराव बांधावर उभे होते. त्यांच्याच रानातला दीड गुंठा घेऊन गणराजने घर बांधलं होतं.

"माणसं हाईत ना भावा, मग समदं हाय," ते म्हणाले. पण पुढचं बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. "तुझ्या म्हातारीला म्या किती येळा सांगितलं, पत्र्यावर धोंडं ठिवा म्हणून. ऐकंल तर शप्पथ!"

नेमकं दुखत होतं तिथेच त्यांनी बोट ठेवलं. सगळ्या आळीत पत्र्यांवर धोंडे होते, जुने टायर होते, कुणाचा फुटका पाटा होता. उघडंबोडकं छप्पर एकट्या गणराजच्या घराचं. एकदा त्याने धोंडे ठेवले, तर शिफ्टवरून येईपर्यंत ते सगळे भिंतीच्या कडेला ओळीने मांडलेले. त्याची आई, सोजरबाई, शिडी लावून वर चढली होती आणि एकेक धोंडा तिने खाली टाकला होता. स्लॅबचं तर नावच काढायची सोय नव्हती. मापं घ्यायला ठेकेदार आला, तर दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी देणाऱ्या सोजरबाईने त्याला पाणी विचारलं नाही. "वर जड कायी नको," एवढं एकच पालुपद. का, ते सांगायची नाही.

का ते गणराजला ठाऊक होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. त्याची आई किल्लारीकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर बसलं. वर माळवद होतं, तुळयांवर हात-दीड हात मातीचा थर. त्याखाली त्याची चार वर्षांची बहीण गेली. गणराज त्यानंतरचा, सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेला. बहिणीबद्दल आईने त्याला एकच वाक्य सांगितलं होतं, "झोपेतच गेली, तिला कायी कळलं न्हाई." आईची भीती त्याला कळत होती. पण भीतीलाही काही सुमार असतो की नाही? तीस वर्षं झाली, गाव सुटलं, इथे कसला आलाय भूकंप! आज स्पष्ट सांगायचं, हे त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं. हिशोबाने पाहिलं तर त्याचंच बरोबर होतं.

दारातून आत पाहिलं तर वर आभाळ. सात पत्र्यांपैकी चार गेले होते. गाद्या भिजून फुगल्या होत्या, कपाट पालथं पडलं होतं, देवाचे फोटो पाण्यात तरंगत होते. स्वप्नाली खराट्याने पाणी बाहेर लोटत होती. तलाठ्याला दाखवायला फोटो काढावेत म्हणून गणराजने फोन वर धरला आणि त्याला खाटेवर बसलेली उत्कर्षा दिसली. सहा वर्षांची त्याची लेक. तिच्या कपाळावर पांढरी पट्टी होती.

"हिला काय झालं?"

"दोन टाके पडलेत," स्वप्नाली हलकेच म्हणाली. "मी कामावर होते. घरात या दोघीच. एक पत्रा उडाला नाही, आतच पडला. खाटेवर. ही त्याच्याखाली अडकली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही."

गणराजने फोन खिशात कोंबला. कोपऱ्यात चुलीपाशी आई बसली होती. रात्रभर घोळवलेलं सगळं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"बघितलंस, आई? तुझ्या हट्टापायी पोरगी गेली असती आज! स्लॅब असता तर हिला ओरखडा आला नसता. आता नाही ऐकायचा मी तुझं. राहायचं तर स्लॅबखाली राहा, नाहीतर मामाकडे गावाला जा."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण शब्द माघारी घ्यायला तो तयार नव्हता. स्वप्नालीचा खराटा थांबला.

सोजरबाई रागावली नाही. तिने पदराखालचे हात बाहेर काढले. दोन्ही तळव्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि त्यांवर रक्त वाळून काळं पडलं होतं. पत्र्याची धार कोयत्यापेक्षा कमी नसते.

"तुझी ताई झोपेत न्हाई गेली, गना," ती म्हणाली. "दुपारपतूर मला हाका मारत व्हती. नखं निघंपतूर माती उपसली मी. तुळई हलली न्हाई."

गणराज उंबऱ्यावर बसला. बाहेर आंब्यातला पत्रा वाजत होता.

सोजरबाईने चिंधी बांधलेला हात नातीच्या डोक्यावर ठेवला.

"काल हिनं बी हाक मारली," ती म्हणाली. "पत्रा मला एकलीला उचलता आला."