अकरावा शुक्रवार

गुरांच्या डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा काढला. "जयवंतीताई, रेतनाची तिसरी खेप झाली, तरी कपिला गाभण नाही."

"पन खायला काय कमी हाय तिला, डॉक्टर?"

"कमी नाही, भलतंच आहे! दिवसभर लोकांच्या पुऱ्या, गूळ, पुरणपोळ्या. पोटात सगळं आंबतं. वर देवळासमोर उन्हात, गर्दीत, घंटांच्या आवाजात उभी. अशी बिथरलेली, आजारी गाय गाभण राहील कशी? सहा महिने घरी सावलीत ठेवा. नुसता चारा द्या."

"ती घरी बसली तर माजी चूल कशी पेटल?"

डॉक्टरांनी बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. कपिला नेहमीच्या जागी, देवळाच्या पायऱ्यांशी बांधलेली. गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधून उन्नती रिक्षाने आली. तिने जयवंतीच्या हातावर पैसे ठेवले आणि डब्यातली साजूक तुपातली पुरणपोळी गाईला भरवली. तिच्या नवसाचा आज अकरावा शुक्रवार. मग गाईच्या खुरांवर डोकं टेकून ती पुटपुटली, "माते, तुझ्यासारखी माझीही कूस उजवू दे."

जयवंतीने कपिलाचं खाली गेलेलं तोंड धरून वर केलं.

"उजवेल गो बाय. अजून एक पोली घाल तिला."